उजव्या हाताचा घास

समृद्धी डावरी होती आणि रुसकी होती. मुरुम गावातल्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिच्या आजीकडे, म्हणजे इरम्माकडे, दोन्हींवर ठरलेले इलाज होते. डावा हात पुढे आला की फटका, आणि रुसली की तिच्याकडे कुणी बघायचंही नाही.

इरम्मा काही दुष्ट बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकते. नातीवर तिचा जीव होता. पोरगी तापाने फणफणली की हीच उशाशी बसायची, आणि बाजारातून येताना कनवटीला चिक्की लावून आणायची ती हिच्यासाठीच. पण नातीचा डावा हात ताटात दिसला की बाईचं डोकं फिरायचं. डाव्या हाताने प्रसाद घेतील का कुणी? डाव्या हाताने कुंकू लावून घेईल का कोण? उद्या सासरच्या पंगतीत हिने डाव्या हाताने वाढलं तर लोक पोरीला नाही, आईबापाला आणि आजीला नावं ठेवतील. म्हणून पोरगी चार वर्षांची असताना इरम्माने जेवणाच्या वेळी तिच्या डाव्या हाताला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळायला सुरुवात केली. कितीतरी दिवस बिचारीचं अर्धं जेवण फ्रॉकवर सांडायचं. शेवटी ती शिकली. शाळेतल्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी डाव्या हाताने लिहू दिलं. मग समृद्धीने आपला आपणच नियम केला: शाळेत डावा, घरात उजवा. आजीची नजर पोचते तिथपर्यंत उजवा. नऊ वर्षांच्या पोरीने काढलेला हा तोडगा घरातल्या कुणाही मोठ्यापेक्षा शहाणपणाचा होता.

रुसव्याचं म्हणाल तर ती रडायची नाही, उलट बोलायची नाही. नुसतं तोंड मिटून समोरच्याकडे बघत राहायची. एकदा काका धुळाप्पाने तिच्या धाकट्या भावाला जीपमधून फिरवून आणलं आणि हिला नेलं नाही, तर पोरीने दोन दिवस घरात शब्द उच्चारला नाही. तिची आई, मोनिका, कासावीस व्हायची. पण इरम्माचा हुकूम होता की मनधरणी करायची नाही, मनधरणीनं पोर शेफारतं. पोटात कावळे ओरडले की आपोआप बोलेल, असं ती म्हणायची, आणि खरंच दर वेळी तसंच व्हायचं. इलाज लागू पडत गेला की माणूस पुढचा विचार करणं सोडून देतो. त्या घराचंही तेच झालं.

नळदुर्गचा दरवर्षीचा मुक्काम संपवून खंडोबा अणदूरच्या देवळात परत आला आणि त्याच्या दारात धाकट्याचं जावळ काढायचं ठरलं. पोरांचे वडील वैजनाथ ढोकीच्या साखर कारखान्यावर वजनकाट्याला आहेत. हंगाम भरात होता, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर गेलेली, त्यांना रजा मिळाली नाही. व्हिडिओ कॉलवर बघतो म्हणाले. धुळाप्पाने स्वतःची जीप काढली आणि भाऊबंदांना गोळा करून सगळे पहाटेच निघाले.

जीपमध्ये समृद्धी आजीच्या शेजारी बसली होती. दोन वेण्या, त्यांना पिवळ्या रिबिनी. येताना धाकट्याला मांडीवर घेऊन बसायची परवानगी तिला हवी होती, आणि इरम्माने त्यासाठी अट घातली होती. अट कसली ते सांगायला नको. अणदूरची कमान दिसली तेव्हा पोरगी आजीच्या कानाशी लागून म्हणाली, "आज्जी, आज बघ, मी सगळं उजव्या हातानं जेवणार."

हे तिचं शेवटचं वाक्य. म्हणजे लोकांना आठवतं ते शेवटचं.

जावळ झालं, भंडारा उधळला गेला, धाकटा रडून रडून लाल झाला. ऊन चढायच्या आत मांडवात पंगत बसली. भरीत, रोडगा, वरणभात, सोबत फोडलेला कांदा. समृद्धी आजीच्या शेजारी मांडी घालून बसली आणि शब्द दिल्याप्रमाणे उजव्या हाताने जेवू लागली. इरम्माची मान ताठ झाली. शेजारच्या पाहुणीला ती सांगत होती की पोरींना वळण लावावं लागतं, आपोआप लागत नाही.

थोड्या वेळाने समृद्धीच्या बोटांतून रोडग्याचा तुकडा गळून पडला. तिने तो उचलायचा प्रयत्न केला, मग उजवा हात घसरत मांडीवर गेला आणि तिथेच राहिला. ती जरा वेळ नुसतीच ताटाकडे बघत होती. मग तिने डावा हात ताटात घातला.

एवढ्या पाहुण्यांत, देवाच्या दारात, आणि तेही आत्ताच फुशारकी मारून झाल्यावर. इरम्माने त्या हातावर फटका मारला. मांडीवरचा उजवा हात धरून वर आणला आणि भातात दाबला. हात घसरून पुन्हा मांडीवर पडला आणि डावा पुन्हा ताटात आला. दुसरा फटका जोराचा होता. समृद्धीने आजीकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि काही न बोलता मिटलं. ओठाच्या कडेने थोडी लाळ आली ती इरम्माने पदराने पुसली आणि ही बघा तोंड वाकडं करून दाखवते, असं पाहुणीला म्हणाली. तीन-चार जणी हसल्या. कुणीतरी म्हणालं की नात आजीच्याच वळणावर गेली.

पंगत उठली तेव्हा समृद्धीला उठता येईना. मोनिकाच्या कडेवर तुळतुळीत डोक्याचा धाकटा किंचाळत होता. एवढा वेळ मांडी घालून बसल्याने पोरीच्या पायाला मुंग्या आल्या असतील, असं तिला वाटलं. तिने विचारलं, उत्तर आलं नाही. रुसलेली पोरगी उत्तर कशाला देईल? धुळाप्पाने पुतणीला खांद्यावर घेतलं, महाराणींची स्वारी निघाली असं म्हणत सगळ्यांना हसवलं, आणि जीपच्या मागच्या बाकावर नेऊन निजवलं. धाकट्याला मांडीवर घ्यायची आठवण तिने करून दिली नाही. तेव्हाही कुणाच्या मनात काही आलं नाही.

अणदूरहून मोठा रस्ता एकीकडे सोलापूरला जातो आणि दुसरीकडे उमरग्याला. सोलापूर तासाभरावर होतं. जीप घराकडे, उमरग्याच्या बाजूला वळली. मला या गोष्टीत राग कुणावर काढावा ते कळत नाही, म्हणून त्या वळणावर काढावासा वाटतो.

घरी आल्यावर तिला बाजेवर टाकलं. मोनिका दोनदा तिच्याजवळ गेली आणि दोन्ही वेळा इरम्माने तिला मागे बोलावलं. दुसऱ्या खेपेला मोनिका म्हणाली की पोरगी जागी आहे, डोळे उघडे आहेत. इरम्मा म्हणाली, झोपेत कोण रुसतं का, जागं असतानाच रुसतात. हे बोलताना ती लसूण सोलत होती. दुपार तशीच गेली.

चहाच्या वेळेला मोनिकाने सासूचं न ऐकता पोरीच्या हातात बिस्कीट दिलं. ते पडलं. पुन्हा दिलं, पुन्हा पडलं. मग तिने पोरीचं मनगट धरून हात वर उचलला आणि सोडला. हात बाजेवर आदळला. तिने हाक मारली तेव्हा समृद्धीचे डोळे तिच्याकडे वळले आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. रुसलेलं माणूस इतकं वाकडं तोंड करू शकत नाही, हे मोनिकाला त्या क्षणी कळलं.

मुरुमच्या डॉक्टरांनी पोरीला तपासायला जेमतेम दोन मिनिटं घेतली. लकवा आहे, सोलापूरला न्या, वाटेत कुठे थांबू नका, असं सांगून स्वतः जीपपर्यंत आले. एवढ्याशा लेकराला लकवा होतो हे कुणी ऐकलंच नव्हतं. गल्लीतल्या एकीने झाडपाल्याचा लेप देणाऱ्या माणसाचं नाव सांगितलं, पण धुळाप्पाने जीप सुरू केली होती. वाटेत पुन्हा अणदूर लागलं. मांडववाले सकाळचा मांडव सोडून कनाती गुंडाळत होते. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात दिवेलागणीच्या सुमारास डोक्याचे फोटो निघाले. मेंदूचे डॉक्टर वयाने तरुण होते आणि सावकाश बोलायचे. मेंदूच्या डाव्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे, त्यामुळे उजवं अंग आणि बोलणं गेलं आहे, असं त्यांनी सांगितलं. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर मेंदूपर्यंत नेता येते आणि तिच्यातून ती गुठळी ओढून काढता येते. मोठ्या माणसांच्या गुठळ्या त्यांनी पुष्कळ काढल्या होत्या. इतक्या लहान मुलीची एकही नाही. त्यांनी पुण्याला आपल्या गुरूंना फोन केला होता. ते म्हणाले, पुण्याला पाठवण्यात जो वेळ जाईल त्यात काही उरणार नाही, करायचं तर तिथेच कर.

करायचं की नाही, हे मात्र एका गोष्टीवर अडलं होतं. फोटोत मेंदूचा काही भाग मेलेला दिसत होता आणि काही भाग अजून तग धरून होता. हात दुपारनंतर गेला असेल तर ते लगेच आत शिरणार होते. पण सकाळीच गेला असेल तर मेलेल्या भागात एकदम रक्त सोडल्यावर तिथेच रक्तस्राव होऊन पोरगी टेबलावरच जाण्याची भीती होती.

"शेवटची नीट बोलताना, हात हलवताना तिला कुणी पाहिलं?" डॉक्टरांनी विचारलं.

वैजनाथ ढोकीहून नुकतेच पोचले होते. केसांत वजनकाट्यावरची धूळ तशीच. त्यांनी बायकोकडे बघितलं. मोनिकाने जीपमधलं वाक्य सांगितलं. त्यानंतर? त्यानंतर कुणी तिच्याशी बोललंच नव्हतं. रुसली होती, असं धुळाप्पा खाली बघत म्हणाला. रुसली होती म्हणजे काय, हे डॉक्टरांनी दोनदा विचारलं आणि ते दोनदा समजावून सांगावं लागलं. पंगतीतलं डाव्या हाताचं जेवण त्यातच निघालं.

"मुलगी मुळात उजवी की डावरी?"

"उजवी," इरम्मा पटकन म्हणाली. इतकी वर्षं आल्यागेल्याला ती हेच सांगत आली होती. जिभेला तेच वळण पडलेलं.

डॉक्टरांचा चेहरा पडला. उजवी मुलगी डाव्या हाताने जेवू लागली, म्हणजे हात तेव्हाच गेला होता. पण मोनिका मध्येच बोलली. "डावरीच हाय ती, साहेब, जल्मापासनं. आत्याबाई, सांगा की खरं."

ती सासूवर आवाज चढवून बोलली, तेही पहिल्यांदाच, आणि का ते सगळ्यांच्या लक्षात आलं. डावरी पोरगी डाव्या हाताने जेवली, तर त्यात आजार कसला? तो हट्ट. म्हणजे पंगतीत ती धडधाकट होती, म्हणजे कितीतरी वेळ अजून हातात होता. वैजनाथांनीही तेच धरलं. लई हट्टी आहे साहेब, लई म्हणजे लईच, असं ते हात जोडून म्हणत राहिले. आपलं लेकरू हट्टी निघावं म्हणून कुठल्या बापाने इतकी गयावया केली नसेल.

आता सगळे इरम्माकडे बघत होते. पंगतीत तीच शेजारी होती. तिने नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मांडवातल्या प्रत्येकाला तो हट्टच वाटला होता, तिलाही. पण पोरीचा हात तिने स्वतःच्या हातात धरला होता, दुसऱ्या कुणी नाही.

"हट्ट न्हवता," ती म्हणाली. "म्या हात धरून भातात दाबला तवा बोटं मिटली न्हाईत. वल्या फडक्यावानी व्हता हात. मला वाटलं, पोरगी नाटक करती." मग थोडं थांबून ती म्हणाली, "म्या मारलं बी."

मोनिकाने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशा नजरेने सुनेने सासूकडे बघू नये आणि बघितलं तर सासूने तक्रारही करू नये. इरम्माने केली नाही.

डॉक्टर बराच वेळ फोटोंसमोर उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांनी काहीच लपवलं नाही. गुठळी तशीच ठेवली तर मेंदूला सूज येऊन जीवही जाईल. काढली तर रक्तस्राव होईल की नाही सांगता येत नाही. वाचवण्यासारखा भाग थोडा आहे, पण आहे. मीही पहिल्यांदाच करतोय, हेही ते म्हणाले. वैजनाथांनी सही केली. पेन खाली ठेवल्यावर ते तसेच भिंतीला टेकून खाली बसले.

इरम्मा जिन्याच्या पायरीवर होती. कनवटीला सकाळच्या भंडाऱ्याची पुडी होती. ती तिने सोडली नाही आणि देवाचं नावही घेतलं नाही. कुठल्या तोंडाने घेणार, असं तिने नंतर मला सांगितलं.

गुठळी निघाली. डॉक्टरांनी पांढऱ्या गॉजवर ती बाहेर आणून दाखवली. ज्वारीच्या दाण्याहून बारीक, काळपट लाल. पडद्यावर त्यांनी रक्तवाहिनी दाखवली, आधी तुटलेली आणि नंतर टोकापर्यंत भरलेली. आतमध्ये रक्तस्रावही झाला नव्हता. वैजनाथ त्यांच्या पायाशी वाकले. धुळाप्पा पेढे आणायला निघाला, तेव्हा डॉक्टरांनीच त्याला थांबवलं. रस्ता मोकळा झाला आहे, पण पलीकडचं गाव किती शिल्लक आहे ते दोन-तीन दिवसांत कळेल, असं ते म्हणाले. धुळाप्पाला यातलं रस्ता मोकळा झाला एवढंच ऐकू आलं, आणि ती रात्र त्या घराने आशेवर काढली. त्यांच्याजवळ आशा होती ती तेवढीच एक रात्र.

दुसऱ्या दिवशी मेंदूला सूज चढू लागली. डोक्याचं मुंडन करून कवटीचा तुकडा काढावा लागला. पोरगी कितीतरी दिवस यंत्रावर होती. हृदयात जन्मापासूनचं बारीक छिद्र सापडलं, गुठळी तिथूनच वर गेली असावी, कुणाला कळण्यासारखं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. सगळ्यांना बरं वाटावं म्हणून ते तसं म्हणाले आणि ते खरंही होतं. पण इरम्माने त्यांना एकटं गाठून विचारलं की अणदूरहूनच उलट इकडे आणली असती तर? डॉक्टरांनी उत्तर टाळायचा पुष्कळ प्रयत्न केला. बाई वाट सोडेना तेव्हा ते हळूच म्हणाले, "बरीचशी वाचली असती, आजी."

जीव राहिला. त्याला राहणं म्हणायचं तर राहिला.

आता उन्हाळा लागलाय. समृद्धी घरी आहे. भावाचे जावळानंतरचे केस आणि तिचे केस एकाच मापाने वाढतायत, फक्त तिच्या डोक्याला एका बाजूला लांब व्रण आहे. पाय ओढत ती ओसरीपर्यंत येते. उजवा हात खांद्यापासून लोंबतो. शब्द एकही नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी गेल्या खेपेला मोनिकाला स्पष्टच सांगितलं की वर्षभरात जे परत येईल ते येईल, पण बोलण्याची वाट बघत बसू नका. शाळेतल्या बाई येऊन गेल्या. त्यांनी पाटी आणली होती, तिने पाटीकडे पाहिलं आणि डाव्या हातातली पेन्सिल बाजूला ठेवून दिली. अक्षरंही गेली होती. बाई आमच्या घरी येऊन पाणी प्यायल्या आणि बराच वेळ रडल्या.

आता त्या घरात तिला कुणी गप्प राहू देत नाही. जो येतो तो तिच्याशी बोलतो, काही तर बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने. मोनिका सासूशी कामापुरतं बोलते, मीठ आहे का, दळण आलं का, एवढंच. सगळ्यांत जास्त बोलते ती इरम्मा. जिने आयुष्यात कुणा पोराची मनधरणी केली नाही, ती दिवसभर नातीसमोर बसून मनधरणी करते. मी भिंतीपलीकडून ऐकते आणि रेडिओ लावते.

परवा दुपारी मी विरजण मागायला गेले होते. इरम्मा नातीला जेवायला बसवत होती. भाजी तिने ताटात मुद्दाम डावीकडे वाढली, भाकरी वरणात कुस्करली, आणि घास करून नातीच्या डाव्या हातात दिला. "खा गं माय. ह्याच हातानं खा. कुणी काय म्हणत न्हाय," ती म्हणाली.

समृद्धीने दोन घास खाल्ले. मग ती थांबली आणि आजीच्या तोंडाकडे बघू लागली. तिला काय कळतं आणि काय नाही, हे आता कुणीच सांगू शकत नाही. हातातला घास तिने ताटात ठेवला. डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट धरलं, तो मेलेला हात मांडीवरून उचलला आणि ताटात ठेवला. बोटं वरणात बुडाली. हात घसरू नये म्हणून मनगट धरून ती तशीच बसून राहिली, आणि तोंडाची चांगली बाजू हलवून आजीकडे बघून हसली.

पोरगी वाट बघत होती, म्हणून इरम्माला बोलावंच लागलं.

"शाबास," ती म्हणाली.

समृद्धीने खूश होऊन मनगट सोडलं. हात ताटातून घसरला आणि वरणासकट मांडीवर पडला. तिने तो पुन्हा उचलला.